जुन्या लष्करी जीपचं रबर : काय जपायचं, काय बदलायचं



या पानावर आपण पीक, पाणी, खत, औजारं यांच्या नोंदी टाकतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या शिवाराबाहेरचा नाही. विषय आहे रबर. ठिबकचा ग्रोमेट, फवारणी पंपाचा वायसर, दूध काढायच्या मशीनचा लायनर, ट्रॅक्टरचा टायर, सगळीकडे रबरच आहे. ते कधी दगा देईल हे आपण अंदाजानेच धरतो. गेले आठ महिने मी एका जुन्या लष्करी जीपच्या रबराशी झटतोय. त्यातून जे कळलं ते ट्रॅक्टरवाल्यालाही उपयोगी पडेल, म्हणून लिहितोय.

जीप आमच्या आबांची. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी लष्कराच्या लिलावातली महिंद्राची सीजे-३बी घेतली, १९६७ चं मॉडेल, पेट्रोल इंजिन. आपल्या भागात अशा बहुतेक जीपना पुढे डिझेल इंजिन बसलं. आबांनी ते होऊ दिलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जीप शेडमध्ये उभी राहिली, ती अकरा वर्षं. यंदा आबांच्या मनात आलं की १५ ऑगस्टला शाळेच्या झेंडावंदनाला जीप न्यायची, मागे पोरं बसवायची. शाळेला जायचा रस्ता कॅनॉलच्या उतारावरून जातो. मागे पोरं आणि पुढे उतार, म्हणजे हा नुसता हौसेचा विषय राहिला नाही.

इंजिन हाताने फिरत होतं. पत्रा बरा होता. अडचण रबराची. त्यावरून घरात दोन पक्ष पडले. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ शहरातून जीप बघायला आले होते. ते सांगून गेले, "काही बदलू नका, जुनं आहे तसं ठेवा, ओरिजिनल गाडीलाच किंमत असते." चुलत भावाला ते पटलं. मिस्त्री म्हणाला, सगळं काढून टाकू, नवं किट मारू. मला दोन्ही पटेना.

आतून बंद झालेला होज

पहिल्यांदा ब्रेक उघडले. पुढच्या चाकाकडे जाणारा रबरी होज वरून इतका चांगला दिसत होता की भाऊ म्हणाला, हा राहू द्या. न भेग, न गळती. पण पेडल दाबून सोडलं की ते चाक मोकळं होत नव्हतं. दोन-तीन मिनिटांनी हळूहळू सुटायचं.

होज काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून भोक सुईएवढं झालेलं. पायाच्या जोराने ब्रेक ऑईल त्यातून पुढे जातं, पण परत यायला जोर नसतो, म्हणून ते चाकापाशीच अडकतं. गाडी चालताना ते चाक घासत राहणार, ड्रम तापणार, गाडी एका बाजूला ओढणार. या जुन्या जीपच्या ब्रेकला एकच लाईन असते. आजच्या गाड्यांसारखे दोन वेगळे भाग नसतात. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

चिरलेला होज आबांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरून आतून बघितला आणि म्हणाले, "आमच्या वर्कशॉपमध्ये असला होज कुणी एक दिवस ठेवला नसता. ओरिजिनल कसलं घेऊन बसलाय? फौजेच्या गाडीचं रबर मुदतीवर बदलायचंच असतं."

माझ्या दृष्टीने वाद तिथेच मिटला. लष्करी गाडी ही देखभालीवर चालणारी गाडी. तिच्यातलं रबर कारखान्यातून आलं तसं कधीच राहिलं नव्हतं. सेवेत असतानाच ते कितीदा तरी बदललं गेलं असणार. आज जे 'ओरिजिनल' म्हणून जपायला निघालो होतो, ते बहुधा शेवटच्या मुदतीचं, बदलायचं राहून गेलेलं रबर होतं.

आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयातलं रबर वेगळं. तिथला रणगाडा आता रणांगणावर जाणार नाही. त्याच्या चाकावरचं जुनं रबर भेगाळलेलं असलं तरी तो इतिहास आहे, तो तसाच सांभाळायचा. पण जी गाडी रस्त्यावर येणार, तिचा हिशेब निराळा.

रबर मरतं कसं

झाडाच्या चिकात गंधक घालून तापवलं की रबर पक्कं होतं. या कृतीचं पेटंट चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये अमेरिकेत घेतलं. गंधकाने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. म्हातारपणी या बांधणीतच बिघाड होतो. कारणं मुख्यतः पाच : हवेतला ऑक्सिजन, ओझोन, उष्णता, ऊन आणि चुकीचं तेल.

नैसर्गिक रबर जुनं झालं की बहुधा मऊ पडतं, बोटाला चिकटतं. कृत्रिम रबरांपैकी एसबीआर आणि नायट्राइल ही उलट कडक होतात, वाकवलं की तडकतात. म्हणून बोट लावून बघणं ही पहिली तपासणी. ओझोनच्या भेगा ओळखायच्या तर रबर जिथे ताणलेलं असतं तिथे बघा. ताणाच्या दिशेला आडव्या, बारीक, ओळीने पडलेल्या भेगा दिसतील. न ताणलेल्या रबरावर ओझोन अशा भेगा पाडत नाही.

टायरचं एक सांगतो. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी औषधं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. जुन्या टायरच्या बाजूला तपकिरी झाक दिसते ती याच औषधाची. उभ्या गाडीत हे काम मंदावतं. चालता टायर झिजतो, पण उभा टायर आतून म्हातारा होतो. खाचा शिल्लक आहेत म्हणून टायर चांगला, हा समज सोडा. २००० नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे बघा. ३४१२ असेल तर २०१२ चा ३४ वा आठवडा.

युद्धातल्या गाड्यांचं रबर एकसारखं नाही

ज्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली विलीज किंवा फोर्ड जीप आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम. दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ६.४ लाख जीप बनवल्या. पण १९४१ च्या डिसेंबरात जपान मलायात उतरला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, आणि अमेरिकेचा जवळपास ९० टक्के नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. तिथे पेट्रोलचं रेशनिंग लावलं ते मुख्यतः टायर वाचावेत म्हणून, आणि गाड्यांचा वेग ताशी ३५ मैलांवर आणला. ग्वायुले नावाच्या रानटी झुडपाची शेती करून रबर काढायचा प्रयत्न झाला. रशियाने एका जातीच्या डँडेलियनच्या मुळांतून रबर काढलं. शेवटी कारखान्यातलं कृत्रिम रबर मदतीला आलं. १९४४ पर्यंत अमेरिकेत ते वर्षाला सात लाख टनांच्या वर गेलं. रबराच्या टंचाईत रशियाच्या टी-३४ रणगाड्यांची काही चाकं बाहेरून नुसती पोलादी बनवली होती, रबर फक्त आत दडवलेलं.

याचा अर्थ असा की १९४२ ची जीप आणि १९४४ ची जीप यांतलं रबर वेगळं असू शकतं. एकाला जे तेल चालतं ते दुसऱ्याला मारक ठरेल. नुसतं नाव आणि साल बघून ठरवू नका, तुकडा तपासा.

आम्ही केलेले तीन ढीग

शेडमध्ये पोतं अंथरलं आणि निघालेलं सगळं रबर तीन ढिगांत लावलं.

पहिला ढीग, जिवाचं रबर. ब्रेकचे होज, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचे वायसर व बूट, पेट्रोलचा पाईप, पेट्रोल पंपाचा पडदा, टायर-ट्यूब. इथे भावना चालत नाही. दिसायला चांगलं असलं तरी नवं. आणि ब्रेकचा होज गल्लीत बनवून घ्यायचा नाही. टोकाची पकड मशीनवर दाबलेली, प्रमाणित मालाचीच लागते.

दुसरा ढीग, कामाचं रबर. इंजिनचे फाउंडेशन, रेडिएटरचे होज पाईप, फॅन बेल्ट, ऑईल सील. हे गेलं तर जीव जाणार नाही, पण वाटेत खोळंबा होईल. हे तपासून बदलायचं. फाउंडेशनचं रबर लोखंडाच्या पट्टीपासून सुटलं असेल तर वरून कितीही मऊ लागलं तरी ते गेलेलं आहे.

तिसरा ढीग, आठवणीचं रबर. काचेची पट्टी, काच बॉनेटवर पाडल्यावर टेकायचे ठोकळे, हेडलाईटची रिंग, वायरी आत घेणाऱ्या भोकातले ग्रोमेट. यांतलं जेवढं तग धरेल तेवढं ठेवायचं.

एक वस्तू कुठल्या ढिगात टाकायची यावर मात्र दोन दिवस गेले. ब्रेक पेडलवरचं रबर. डाव्या कडेला जास्त झिजलेलं, कारण आबांचा पाय तिरका पडतो. पूर्ण गुळगुळीत झालेलं. त्या जीपमध्ये आबांचं म्हणून जे काही आहे ते त्या दोन इंचांत आहे. पण पावसाळ्यात, चिखलाच्या बुटाने, कॅनॉलच्या उतारावर तेच रबर निसटणार. वस्तू आठवणीची, काम जिवाचं. मी आबांना इतकंच विचारलं की उद्या तुमचा नातू ही जीप चालवणार असेल तर हे ठेवाल का? ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पेडलपाशी वाकून रबर उपसून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "फेकू नको," एवढंच म्हणाले. आता पेडलवर खाचांचं नवं रबर आहे आणि जुनं डब्यात आहे.

कुठे कोणतं रबर

दुकानात 'रबर द्या' म्हणून चालत नाही, जसं 'खत द्या' म्हणून चालत नाही. लक्षात ठेवायला एवढं पुरे :

१. खनिज तेल, ग्रीस, डिझेल जिथे लागतं तिथे नायट्राइल. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम तिथे फुगतं.

२. नेहमीचं ब्रेक ऑईल, म्हणजे डॉट ३ आणि डॉट ४, हे ग्लायकॉलचं असतं. त्याला ईपीडीएम किंवा एसबीआर चालतं. हार्डवेअरमधली नायट्राइलची ओ-रिंग ब्रेकमध्ये घालू नका, ती फुगते.

३. ऊन-पाऊस झेलणाऱ्या काचेच्या पट्टीला ईपीडीएम. ओझोनला ते सगळ्यांत चिवट आहे.

४. हादरे सोसायच्या जागी, म्हणजे फाउंडेशनला, नैसर्गिक रबर अजूनही उत्तम. फक्त त्यावर इंजिनचं ऑईल गळू देऊ नका.

गावाकडे एक सवय आहे. ब्रेक ऑईल कमी झालं की हाताशी असेल ते तेल ओतायचं, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक असो की इंजिनचं. जीपच्या ब्रेकमध्ये खनिज तेल गेलं की सगळे वायसर फुगतात आणि पेडल अडकतं. मग नुसतं तेल बदलून भागत नाही, सगळं रबर बदलावं लागतं. ब्रेकचे वायसर डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुवायचे नाहीत, स्वच्छ ब्रेक ऑईलनेच धुवायचे. सुरुवातीच्या काळातल्या ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असायचं, कारण एरंडेल नैसर्गिक रबराला फुगवत नाही. आपल्या बांधावरच्या एरंडाने एकेकाळी मोटारी थांबवल्या आहेत.

उसाचं पेट्रोल

देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ मध्ये गाठला. २० टक्क्यांचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. ऊसवाल्यांना त्याचा फायदा आहे, तक्रार नाही. पण १९६७ च्या जीपचे पाईप आणि पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, टाकी रिकामी राहिली की आक्रसतं आणि तडकतं. इथेनॉल पाणीही ओढतं. म्हणून पेट्रोलचा पाईप घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आम्ही एसएई जे३० आर९ दर्जाचा घेतला. पंपाचा पडदाही इथेनॉल चालणाऱ्या रबराचा मागा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आग.

टायरची एक भूल

या जीपच्या टायरचं माप ६.००-१६. अनेक ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरचं मापही तेच. रिमवर तो बसतो, स्वस्त पडतो, म्हणून काही जण जीपला लावतात. करू नका. ट्रॅक्टरचा पुढचा टायर ताशी ३०-४० किलोमीटरच्या कामासाठी बनवलेला असतो. डांबरी रस्त्यावर जीपच्या वेगाने तो तापतो, आणि सरळ धारांमुळे ओल्या रस्त्यावर ब्रेकला पकड मिळत नाही. माप जुळलं म्हणजे काम जुळलं असं नाही.

बाटलीतला प्लॉट

रबर कोणतं आहे हे कळत नसेल तर आपण शेतात करतो तेच करा, छोटा प्लॉट घ्या. नव्या रबराच्या सारख्या मापाच्या तीन चकत्या कापा. एक ब्रेक ऑईलमध्ये, एक पेट्रोलमध्ये, एक कोरडी ठेवा. कोरडी म्हणजे आपला कंट्रोल. काचेच्या झाकणाच्या बाटल्या, सावलीत, पोरांपासून आणि चुलीपासून लांब. प्रत्येक चकतीची कडा आधी कागदावर पेन्सिलने आखून ठेवा. आठवड्याने काढून त्याच आखणीवर ठेवा. बाहेर आली, मऊ पडली, काळा रंग सोडला, तर ते रबर त्या कामाचं नाही. आम्ही आणलेल्या 'ब्रेक किट'पैकी एकातला वायसर चार दिवसांतच आखणीबाहेर आला. ते किट परत केलं. बाटली नसती तर ते जीपमध्ये बसलं असतं. पण बाटलीत टिकलं म्हणजे उष्णतेत आणि दाबात टिकेलच असं नाही. ही चाचणी वाईट माल ओळखायला आहे, चांगल्याची हमी द्यायला नाही.

जपायचं ते कसं जपायचं

जुनं रबर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसायचं, सावलीत वाळवायचं, वर पातळ टाल्कम पावडर. चमकायला डिझेल, खोबरेल, जळकं ऑईल काही नाही. कडक रबर मऊ करायला विंटरग्रीन तेल आणि झायलीनचा उपाय सांगितला जातो. मऊ होतं खरं, पण तुटलेल्या साखळ्या त्याने जुळत नाहीत. शोभेच्या ग्रोमेटला एखादेवेळी ठीक, ब्रेकच्या रबराला कधीच नाही.

नवं रबर साठवायचं तर अंधारात, गार जागी, २५ अंशांच्या खाली मिळाली तर उत्तम. खिळ्याला टांगायचं नाही, दुमडायचं नाही. चालू मोटार, वेल्डिंग यांच्या खोलीत ठेवू नका, ठिणगीने ओझोन तयार होतो. हाच नियम ठिबकच्या ग्रोमेटला आणि दूध मशीनच्या लायनरला. लायनर साधारण २५०० वेळा दूध काढलं की बदलतात, फाटायची वाट बघत नाहीत. तीच शिस्त ब्रेकच्या होजला हवी.

गाडी उभी ठेवायची तर घोड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे टायर एकाच जागी दबणार नाहीत. ते जमत नसेल तर हवा पूर्ण ठेवून महिन्यातून एकदा पुढे-मागे करा.

किमतीची भीती असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठी नोंदणीचे नियम आले. त्यात गाडी मूळ रूपात हवी असं म्हटलंय, पण रोख चासी, बॉडी आणि इंजिनमधल्या मोठ्या बदलांवर आहे. ब्रेकचा होज नवा घातला म्हणून गाडी विंटेज राहत नाही असं होत नाही.

आम्ही काढलेलं प्रत्येक जुनं रबर पिशवीत घालून चिठ्ठी लावली आहे : कुठून काढलं, कधी काढलं, का काढलं, जागी काय बसवलं. पुढे कुणाला तसाच भाग बनवायचा असेल तर मापाला नमुना आहे. डाय करणाऱ्याला फोटो देऊन भागत नाही, वस्तू लागते. गाडीचा इतिहास असा डब्यातही राहतो. तो ब्रेकच्या लाईनमध्येच ठेवला पाहिजे असं नाही.

१५ ऑगस्टच्या आधी कॅनॉलच्या उतारावर रिकामी जीप दहा वेळा उतरवायची आहे. शेवटच्या दोन खेपांना मागे गव्हाची पोती, पोरांच्या वजनाएवढी. दर खेपेनंतर चारही ड्रमना हात लावून बघायचा, एखादा जास्त तापला का. सगळं नीट झालं तरच पोरं बसतील, असं आबांनीच सांगितलंय.

तुमच्या शेडमध्ये जुनी जीप, शक्तिमान किंवा जोंगा उभी असेल तर आज एकच काम करा. ब्रेकच्या होजवर आणि टायरवर तारीख शोधा. मिळाली तर वहीत लिहा. नाही मिळाली तर ते रबर मुदत संपलेलं धरा.

जय जवान, जय किसान.